दस्तीखालचा आकडा

देवणी, पोळा होऊन आठवडा
सप्टेंबर २०१५

करीम,

आधी सलाम घे, मग हवं तर तोंड फिरव. तीनदा फोन केला. तिसऱ्यांदा तुझ्या नातीनं उचलला आणि म्हणाली, "दादा नमाजला गेलेत." सकाळी अकराला कसली नमाज रे? म्हणून कागद घेतला. तू कागद फेकशील, पण फेकायच्या आधी वाचशील. एसटीच्या पाट्यांवरून अक्षरं शिकलेली माणसं आपण. उदगीरच्या स्टँडवर 'देगलूर' कुठली आणि 'देवणी' कुठली हे ओळखता ओळखता वाचायला लागलो. लिहिलेलं दिसलं की आपल्याला न वाचता राहवत नाही.

यंदाचा पोळा नावालाच झाला. बैलांच्या शिंगांचा रंग कालवायला तांब्या घेतला तर तुझ्या वहिनीनं, केवळाबाईनं तो हातातून काढून घेतला. म्हणाली, "शिंगं रंगवून काय त्यांची तहान भागणार हाय?" बाजार तर बसल्यातच जमा. पांढऱ्या अंगाचा, काळ्या तोंडाचा असा वानेरा खोंड परवा दावणीला उभा होता, आणि त्याचा दात बघायला एक माणूस पुढं आला नाही.

दातापायीच हा कागद लिहून राहिलोय. आपल्या पोराची, भीमाची खालची डावी दाढ हलायला लागली होती. मी त्याला उजेडात नेलं, जनावराचा उघडतो तसा जबडा उघडला आणि बोट फिरवलं. हिरडीला बोराएवढी गाठ. दाबली तर दुखत नव्हती. आदत, दोन दाती, चार दाती, जुळला, हे जनावराचं वय डोळे मिटून सांगणारं माझं बोट. ते म्हणालं, दाढ किडली. उदगीरला नेऊन काढून टाकली. महिना झाला तरी ती जागा भरत नाही, उलट आतून मऊ मांस वर येऊन राहिलंय.

दातवाल्यानं विचारलं होतं, शुगर आहे का, बीपी आहे का? दोन्ही नाही म्हणालो, आणि ते खरंच होतं. तिसरं त्यानं विचारलं नाही.

तिसरं तुला ठाऊक आहे. भीमाला एचआयव्ही आहे, नांदेडच्या सरकारी दवाखान्यातून त्याच्या गोळ्या येतात, हे आम्हा तिघांशिवाय एकट्या तुलाच माहीत. गावाला आम्ही टीबी सांगून ठेवलाय. आणि हो, निलंग्याच्या त्या पोरीवाल्या पाहुण्यालाही माहीत, कारण गेल्या साली तू जाऊन सांगितलंस. पोरगी पसंत पडली होती, सुपारी फुटायची तेवढी बाकी होती, आणि माझ्या पोराचं गुपित माझाच भागीदार न विचारता बोलून आला.

खोड विचारली तर लपवायची नाही, विचारली नाही तर सांगायची नाही. हा धंद्याचा कायदा मला कुणी शिकवला? लातूरचा जिल्हा झाला त्या वर्षी आपण दलालीला लागलो. तेव्हापासून कितीक सौदे तोंडातून शब्द न काढता केले, हातात हात, वरून दस्तीचा रुमाल, आणि खाली बोटांचा हिशेब. तोंडानं बाजारात काहीही बोलावं, पण दस्तीखाली बोटांनी खोटा आकडा द्यायचा नाही, हेही तुझंच. कायदा शिकवणाऱ्यानंच मोडला, म्हणून तर त्या दिवशी भर बाजारात आपल्या हातांवरची दस्ती मी ओढून घेतली आणि भागी तोडली. ते अजून माझ्या मनातून गेलेलं नाही. तुझ्याही गेलं नसेल.

पण काम असं आहे. तुझा भाचा हैदराबादेत दातांच्या दवाखान्यात आहे ना? त्याला विचार, काढलेल्या दाढेची जागा का भरत नसेल. भीमाचं नाव सांगू नको.

रागातलाच,
शिवप्पा


देवणी, दिवाळी सरली
नोव्हेंबर २०१५

करीम,

तुझं कार्ड आलं. दोन महिन्यांनी आलं आणि त्यात एक ओळ, 'दातवाल्याला सगळं सांग.' लेकाकडं झहीराबादेत जाऊन राहिलास, तिथं शाई महाग झाली का रे?

सगळं सांग म्हणणं सोपं आहे. त्या दातवाल्याचा कंपाउंडर आपल्या वेशीपाशी राहतो. त्याच्या कानात एक शब्द पडला तर संध्याकाळी हापशावर केवळाबाईची घागर कुणी नंबरात लावू देणार नाही. सध्या पाण्यापायी माणसं भावाला ओळखत नाहीत, तिथं आमची काय कथा.

आणि आता त्याची गरजही उरली नाही. ऐक. भीमाला संध्याकाळी ताप भरायला लागला. पहाटे अंथरूण पिळून काढावं इतका घाम. सदरा असा लोंबायला लागला जसं बुजगावण्याला घातलंय. मानेला दोन गाठी आल्या. लातूरला एका मोठ्या डॉक्टरकडं नेलं. त्यानं मान चाचपली, छातीचा फोटो काढला आणि म्हणाला, गाठींचा टीबी.

करीम, आम्ही तिघंही एकमेकांच्या तोंडाकडं बघत राहिलो. इतकी वर्षं गावाला जे खोटं सांगितलं ते देवानं खरं करून दिलं! केवळाबाईनं घरी येऊन नारळ फोडला. पोराला टीबी झाला म्हणून नारळ फोडणारी बाई तू जन्मात बघितली नसशील. भीमापण हसला. म्हणाला, "अप्पा, आता खोकलो तरी खरं खोकतो बघा."

हिरडीचं विचारलं तर डॉक्टर म्हणाला, ते दाताचं आहे, ते दातवाल्याला दाखवा. दातवाला म्हणतो, टीबीच्या गोळ्या चालू आहेत तर त्या संपू द्या. याच्या शेतातलं तण त्याच्या बांधावर. त्या तिसऱ्या गोष्टीचं लातूरच्या डॉक्टरनंही विचारलं नाही.

नांदेडला गोळ्या आणायला भीमा एकटाच जाऊन आला. तिथल्या मॅडमनी विचारलं, कसा आहेस? तोंडावर रुमाल होता. यंदा धुळीपायी सगळा मुलूखच तोंड बांधून फिरतो. तो म्हणाला, बरा आहे. रक्तातला आकडा चांगला आलाय म्हणाल्या. मग रुमाल सोडून हिरडी दाखवली का, असं मी विचारलं. म्हणाला, "त्यांनी कुठं इचारलं?"

माझाच पोरगा आहे.

शिवप्पा


देवणी
फेब्रुवारी २०१६

करीम,

थोडंच लिहितो.

टीबीच्या गोळ्यांनी काही झालं नाही. पहिले पंधरा दिवस ताप उतरल्यासारखा वाटला, मग दुपटीनं आला. हिरडीतलं मांस कोंबड्याच्या तुऱ्यासारखं वर आलंय. जबडा डाव्या अंगानं सुजून एक डोळा मिटायला लागला. तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नाही. आंबील तेवढी जाते, तीही गाळून. बोललेलं कळत नाही, म्हणून बोलायचंच सोडलंय. काही लागलं तर माझा हात ओढतो आणि तळव्यावर बोटं दाबतो. एक बोट म्हणजे पाणी. दोन म्हणजे बाहेर जायचंय. मनगट दाबलं तर झालं, पटलं. तळवा खाजवला तर नको. तुझीच शिकवण. सात वर्षांचा असताना तू त्याला दस्तीखाली हात घालायला लावला होतास, आणि पोरानं पहिल्याच झटक्यात तुझ्यावर एक बोट चढवून मागितलं होतं. तू हसता हसता दावणीवर बसलास ते आठवतं का?

इथं चावडीवर एकच विषय. उदगीरचा जिल्हा होणार म्हणे. जिल्हा झाला की मोठा दवाखाना येईल, मशीन येईल. मी म्हणालो, "जिल्हा व्हईल तवा व्हईल. पाण्याचं काय?" तर म्हणे, जिल्हा झाला की पाणीपण येईल. नवरी आली की तिच्या पावलानं विहीर भरेल, असं बोलून राहिलेत.

उद्या पहाटेच्या गाडीनं नांदेडला नेतो, विष्णुपुरीच्या सरकारी दवाखान्यात. बैल छावणीत बांधून आलो. केवळाबाईनं दोन घागरी पाणी डब्यात भरून दिलंय. परगावी जाताना भाकरी बांधायची सोडून पाणी बांधायचे दिवस आले.

तुला काही मागत नाही. फक्त सांगून ठेवतो.

शिवप्पा


विष्णुपुरी, नांदेड
एप्रिल २०१६

करीम,

आधी एक सांगतो. नोव्हेंबरात मी तुला लिहिलं होतं की लातूरच्या डॉक्टरनं विचारलं नाही. विचारलं होतं. सरळच विचारलं, "आणखी कसल्या गोळ्या चालू आहेत का?" दार अर्धं उघडं होतं आणि बाहेरच्या बाकावर आपल्या गावचा ग्रामसेवक बसलेला. मी म्हणालो, "ताकदीच्या." भीमानं माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. म्हणजे धंद्याचा कायदा मी तुझ्याआधी मोडला नव्हता, पण मोडला तेव्हा तुझ्यापेक्षा वाईट मोडला. तू खरं बोलून मोडला होतास.

इथली डॉक्टरीण देगलूरकडची आहे. वयानं नात शोभेल अशी. बॅटरी घेऊन तोंडात बघितलं आणि कागदावर लिहायला लागली. मागं रांग. बाया, माणसं, एक लेकरू रडत होतं. तिनं अजून काही विचारलं नव्हतं. भीमाचा हात माझ्या हातात होता, वर त्याची तोंडावरची दस्ती पडलेली. आणि त्यानं खालून माझं मनगट दाबलं. एकदा. मग पुन्हा, जोरानं.

मी म्हणालो, "बाई, ह्याला एचआयव्ही हाय. गोळ्या तुमच्याच इथनं न्हेतो."

  मागची बाई दोन पावलं सरकली. डॉक्टरीण तेवढी सरकली नाही. तिनं पेन ठेवलं.

"आधीच्या डॉक्टरांना सांगितलं होतं हे?"

"न्हाई. दातवाल्यानं इचारलं न्हाई."

"आजोबा," ती म्हणाली, "विचारायला आधी सुचायला पाहिजे ना, काय विचारायचं ते."

लगेच तुकडा काढून तपासायला दिला. आठवड्यानं तिनं मला एकट्याला बोलावलं. म्हणाली, हा रक्ताचाच एक कॅन्सर आहे. रक्तातल्या ज्या पेशी रोगाशी लढतात त्याच बिघडतात आणि वाढत सुटतात. एरवी तो गळ्यात, काखेत गाठ होऊन येतो, माणूस गाठ बघून दवाखाना गाठतो. पण एचआयव्ही असला की तो नेहमीच्या वेशीतून येत नाही. आडवाटेनं येतो. कधी आतड्यात, कधी डोक्यात, कधी हिरडीत, जबड्यात. आणि आला की धावत येतो. ताप, घाम, रोडावणं, हे सगळं टीबीसारखंच, म्हणून भलेभले चकतात. गोळ्यांनी रक्तातला आकडा चांगला राहिला तरी हा येऊ शकतो. एचआयव्ही आहे एवढं कळलं असतं तर त्या दाढेच्या वेळीच कुणीतरी तुकडा तपासायला पाठवला असता.

मी विचारलं, "मंग वाचला असता का?"

ती म्हणाली, "तसं मी म्हणत नाही. वेळ मिळाला असता."

करीम, माझं बोट गाठीवर फिरलं होतं रे. पोळ्याच्याही आधी. बोराएवढी होती.

एक सलाईन दिलं कॅन्सरचं. त्यानं सूज अशी उतरली की केवळाबाईनं पुन्हा नारळ आणायला पैसे मागितले. पण आतलं रक्तच पाताळाला गेलं. पांढऱ्या पेशी उरल्या नाहीत, ताप चढला, आणि हाडाच्या आतल्या मगजातही रोग पोचलाय असं कळलं. दुसरं सलाईन शरीराला सोसणार नाही. मी डॉक्टरणीला म्हणालो, किती? ती म्हणाली, "महिने मोजू नका आजोबा. आठवडे मोजा. चार, फार तर सहा."

गंमत ऐक. कॅन्सर म्हटल्यावर गावातून माणसं भेटायला येऊन राहिलीत. टीबी होता तेव्हा पेला वेगळा ठेवायची, ती आता उशाशी बसून केळी सोलतात. "कॅन्सरला कुणाचा इलाज हाय शिवप्पा?" म्हणतात. कॅन्सर मोठ्या घरचा आजार, त्याला मान आहे. लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्याच्या गोष्टी सांगतात, उदगीरच्या जिल्ह्याच्या सांगतात, आणि उठून जातात. मी मान हलवतो.

आता ज्यासाठी लिहितो ते.

काल दुपारी केवळाबाई पाणी आणायला गेलेली. भीमा जागा होता. त्यानं चादर आमच्या हातांवर ओढून घेतली, माझा पंजा धरला आणि अंगठा तळव्यावर फिरवला. बोल, तुझा आकडा काय?

तुला सांगायला नको. उरलेलं दिवसांत मोजायचं का आठवड्यांत, हे त्यानं सांगितलं नाही. बाजारात तरी शेकडा का हजार कोण विचारतं? जनावर बघून कळतं. तो माझ्या तोंडाकडं बघतही नव्हता. वर पंख्याकडं बघत होता, जसा आपण सौदा करताना दुसऱ्याच बैलाकडं बघतो.

मी काय करू? तोंडानं विचारलं असतं तर म्हणालो असतो, भीमा, श्रावणात तुला खोंडाचा दात बघायला नेतो. तोंडाचं काय, तोंड बाजारातलंच आहे. पण चादरीखाली? माझी चार बोटं त्याच्या हातात होती. तीच चार त्याला मोजायला दिली तर खरं झालं. पाचवं जोडून पंजा दिला, पाच आठवडे, तरी खरंच. आणि खोटा आकडा द्यायला माझी बोटं वळेनात. त्यानं पुन्हा अंगठा फिरवला. मी हात काढून घेतला. म्हणालो, सलाईन बघून येतो. सलाईन समोरच होतं.

तेव्हापासून तो माझा हात धरत नाही. तहान लागली तर आईकडं बघतो.

करीम, तू ये. राग घेऊन ये, भांडायला ये. बाजारात मी ओढून घेतलेली दस्ती अजून माझ्याकडं आहे, तीच घेऊन जा. पण ये. पहिला आकडा तो तुझ्या हाताखाली शिकला. त्याचा सवाल माझ्यानं उचलवत नाही.

शिवप्पा


देवणी, मृग लागला
जून २०१६

करीम,

तुझ्या सुनेनं बांधून दिलेला खाऊचा डबा राहिला होता, तो झहीराबादच्या गाडीत ड्रायव्हरकडं दिलाय. आत केवळाबाईनं जवसाची चटणी घातलीय. रिकामा डबा परत करायचा नसतो म्हणते.

भीमाला आमच्या लिंगायतांच्या रीतीनं बसवून माती दिली, ते तू बघितलंसच. लोक पुढंही येत राहिले. चार जण बसले होते तेव्हा एक जण म्हणाला, "कॅन्सरनं नेला बिचाऱ्याला." मी म्हणालो, "कॅन्सर व्हताच. आधी एचआयव्ही व्हता. आम्ही लपवला, म्हणून कॅन्सर कुणाला दिसला न्हाई." कुणी विचारलं नव्हतं. मी आपणहून सांगितलं. समोरच्यानं हातातला चहा तसाच खाली ठेवला. दुसरा म्हणाला, जरा बैलं सोडायचीत. आठवडा झाला, हापशावर केवळाबाई गेली की बाया घागरी उचलून लांब होतात. ती म्हणते, "बरं झालं, नंबर लवकर लागतो." रात्री रडते.

आपणहून सांगण्यात काही पुण्य आहे असं मला अजून तरी दिसलं नाही. पण तोंडात आता राहत नाही.

परवा निलंग्याचा तो पाहुणा येऊन गेला. दारातच उभा राहिला, बसला नाही. हात जोडून म्हणाला, "पोरगी सुखात हाय. लेकरू झालं." मी म्हणालो, "करीमला कळवतो." म्हणून कळवलं.

आता दुसरं.

तू आलास त्या दिवशी त्यानं तुला बघितलं आणि उजवा हात चादरीवर पालथा टाकला. तू खिशातून दस्ती काढलीस, दोघांच्या हातांवर टाकलीस आणि खिडकीबाहेर बघत बसलास. मी पायथ्याशी उभा होतो. दस्ती हलताना दिसत होती. पहिल्यांदा त्याच्या बाजूनं. मग बराच वेळ काहीच नाही. मग तुझ्या बाजूनं. मग त्याच्या तोंडाचा जो अर्धा भाग बरा होता, त्यावर काहीतरी आलं. हसू म्हणणार नाही. बाजारात मनासारखा भाव आला की माणूस हसत नाही, फक्त खांदे खाली सोडतो, तसं. मग त्यानं तुझं मनगट दाबलं, ते मला दस्तीवरूनही कळलं. संध्याकाळी त्यानं पाणी मागितलं, आणि माझा हात धरून मागितलं. त्यानंतर शेवटपर्यंत माझाच हात धरून होता.

दोघांच्या हातांवर दस्ती असली की तिसऱ्यानं आकडा विचारायचा नसतो. चौतीस वर्षं पाळलं. तू झहीराबादला निघालास तेव्हाही स्टँडवर विचारलं नाही. गाडी लागली, तू चढलास, पाटी वाचलीस, हात केलास. मी विचारलं नाही.

आज विचारतो. विचारल्याशिवाय सांगायचं नाही हा कायदा आहे ना, मग हे घे, विचारलं. त्याला काय आकडा दिलास?

खरा दिला असशील तर लिहू नको. खरा मला ठाऊक होता, तो मलाही देता आला असता. पण उभ्या जन्मात दस्तीखाली खोटा आकडा न दिलेल्या माणसानं त्या दिवशी एकदा, माझ्या पोरासाठी, खोटा दिला असेल, बोटांवर बोटं चढवून भरपूर दिला असेल, तर तेवढं कळव. कार्डावर एक ओळ चालेल.

शिवप्पा